राणीछाप रुपयाचं कुंकू

अनिलच्या गाडीत, कप ठेवायच्या खळग्यात, अजून त्याची चिल्लर पडलेली आहे. आम्ही भाजी आणतो त्या दुकानातल्या कार्ट एकमेकींना साखळीने बांधलेल्या असतात. खाचेत एक क्वार्टर, म्हणजे पंचवीस सेंटचं नाणं, सारलं की एक सुटते, आणि परत नेऊन लावली की आपलं क्वार्टर आपल्याला मिळतं. या कामासाठी तो कॅनडाची क्वार्टर्स वापरायचा. ओहायोतल्या आमच्या डब्लिनमध्ये ती कोणी घेत नाही, पण खाचेला काय कळतंय कुठला राजा आहे ते, असं म्हणून स्वतःवरच खूश व्हायचा. गेल्या वर्षी फेब्रुवारीत तो गेला. तेव्हापासून ती गाडी मी चालवते. खळग्यातलं वरचं एक नाणं उचलते आणि काम झालं की तिथेच टाकते. बाकी खळगा आवरलेला नाही. घरातलंही पुष्कळ आवरायचं राहिलंय, त्यात तोही.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात दही आणि कोथिंबीर आणायला गेले होते. पार्किंगच्या कडेने एक माणूस पाठीला यंत्र लावून पानं उडवत होता. ती भणभण ऐकली की मला दुपारीच संध्याकाळ झाल्यासारखं वाटतं. खळग्यात हात घातला आणि वरचं नाणं घसरून सीटखाली गेलं, म्हणून तळाशी चाचपलं. हाताला लागलं ते नवं कोरं क्वार्टर. त्यावर नेहमीची इंग्लंडची राणी नव्हती. राणीचा मुलगा होता, वयस्कर, मुकुटाशिवाय, डावीकडे तोंड केलेला.

मला आठवलं. पाहुण्यांना नायगारा दाखवायला पलीकडे कॅनडाच्या बाजूला गेलो होतो, तिथे कॉफीच्या सुट्ट्यांत हे आलं होतं. अनिलने ते उन्हात धरलं आणि म्हणाला, "बघ, फिरला." नवा राजा गादीवर आला की नाण्यावरचं तोंड आधीच्याच्या उलट दिशेला वळवतात, हे त्याने पाहुण्यांना तिथेच कठड्याला टेकून समजावून सांगितलं. राणी उजवीकडे बघत होती ना, आता मुलगा डावीकडे बघणार. खरं तर हे त्याला माझ्याकडूनच कळलेलं, माझ्या डबीतल्या जुन्या रुपयांवरून. पण सांगताना आव असा की शोध यानेच लावला. घरी आल्यावर फ्रिजवरचं चुंबक काढून त्याने ते नाणं चिकटवून पाहिलं. चिकटलं. "तुझ्या आत्याने हे पूजेत घेतलं नसतं," म्हणाला.

नसतं घेतलं. माईआत्याला चांदीशिवाय काही चालायचं नाही. मी कार्ट न घेता तशीच गाडीत बसून राहिले आणि त्या पानांच्या धुळीत मला भिजवलेल्या चिंचेचा वास आला.

बार्शीला बाबा पोस्टात होते. कचेरीच्या मागच्या बाजूला आमच्या दोन खोल्या होत्या. दिवसभर भिंतीपलीकडून शिक्क्यांचा ठक ठक आवाज यायचा, आणि पार्सलांना सील करायची लाख वितळली की तिचा करपट गोड वास थेट आमच्या स्वयंपाकघरात. मला अजूनही मेणबत्ती विझवली की बाबा घरी यायची वेळ झाली असं वाटतं. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी शिक्के लवकर थांबायचे. ती शांतता सुरू झाली की माईआत्या परातीत चिंच कोळायला बसायची.

माईआत्या बाबांची थोरली बहीण. लग्न होऊन थोडे दिवस झाले आणि नवरा गेला. सासरहून परत आली तेव्हा पदराच्या गाठीला एक राणीछाप रुपया होता, तेवढाच तिचा म्हणावा असा. तो तिने आईच्या हाती दिला आणि आईने तो देव्हाऱ्यातल्या पितळी डबीत ठेवला. डबीत आमच्या घरचे आणखी रुपये होते, वेगवेगळ्या राजांचे. आत्या त्यांना पाव्हणे म्हणायची. "चला, पाव्हण्यांना आंघोळ घालू," म्हणत ती एकेकाला चिंचेच्या कोळात घोळवायची, राखेने घासायची, पाण्यातून काढायची आणि जुन्या धोतराच्या तुकड्यावर पालथं घालायची. वर्षानुवर्षं हे चाललेलं, त्यामुळे राजांच्या दाढ्या गुळगुळीत झाल्या होत्या आणि राणीचं नाक जवळपास गेलं होतं. इथल्या एका नाणीवाल्याला अनिलने एकदा ते दाखवले, तर त्याने कपाळाला हात लावला. जुनी नाणी कधी घासायची नसतात म्हणे. त्याला मी काय सांगणार होते, की आमच्याकडे न घासता देवापुढे ठेवत नाहीत म्हणून?

घासून झाले की आत्या मला ओळ लावायला द्यायची. पाटावर तांदूळ, तांदळावर रुपये. आधी राणी, ती डावीकडे बघणारी. मग तिचा मुलगा, टकलाचा, उजवीकडे. मग नातू डावीकडे. मग पणतू, आणि तोही डावीकडेच. एका वर्षी मी हट्टच धरला की पणतू चुकलाय, त्याने उजवीकडे बघायला पाहिजे. आमच्या शेजारी हायस्कुलात इतिहास शिकवणारे मास्तर राहायचे. त्यांना विचारलं तर ते खूश झाले. म्हणाले, या दोघांच्या मधे आणखी एक राजा होऊन गेला, पण वर्षाच्या आत गादी सोडून गेला. त्याचा रुपया आपल्याकडे आलाच नाही, पण त्याची पाळी मात्र धरली. हे आत्याने ऐकलं आणि त्या दिवसापासून त्या दोघांच्या मधे ती एक सुपारी ठेवायला लागली. जो नाही त्याच्या जागी सुपारी, हे तिच्या दृष्टीने अगदी सरळ होतं.

पुढची नाणी सिंहांची. ती पूजेत नसायची. आत्या म्हणायची, सिंहाला गंध कुठे लावायचं ते सांगा, मग ठेवते.

कारण गंधाचा नियम ठरलेला होता. राजांना गंध, राणीला हळद-कुंकू. हे आई करायची. तोपर्यंत तुळशीपाशी पणत्या लागलेल्या असायच्या, करडईच्या तेलाचा वास सुटलेला असायचा, नवी केरसुणी पाटाशेजारी टेकवून ठेवलेली असायची. बाबा अंगात कोरा सदरा घालून, त्याच्या घड्यांसकट, पूजेला बसायचे. आई करंड्यात बोट बुडवून आधी हळद आणि मग कुंकू राणीच्या कपाळावर टेकवायची, ते तिच्या मुकुटापर्यंत जायचं. आणि ज्या माईआत्याचा तो रुपया, जिने तो घासून पुसून दिला, ती तेव्हा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत बसलेली असायची. पांढरं पातळ, मोकळं कपाळ. तिला कोणी आत जा म्हणत नव्हतं, आणि बाहेर ये असंही कोणी म्हणत नव्हतं. मला त्यात काही वेगळं वाटायचं नाही. लाह्या-बत्तासे कधी मिळतील एवढंच वाटायचं.

एका वर्षी मास्तर आणि त्यांची बायको पूजेनंतर प्रसादाला आले होते. मास्तरांनी वाकून ओळ पाहिली, राणीचा रुपया जवळून निरखला, त्यावरचं साल वाचलं आणि सहज, वर्गात सांगावं तसं म्हणाले, "वहिनी, गंमत बघा. हा रुपया पाडला तेव्हा राणीचा नवरा जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. ती शेवटपर्यंत काळे कपडे घालायची."

मास्तरांच्या बायकोने तोंडावर हात ठेवला. आई गोंधळली. आमची आई साधी बाई, चूक झाली की आधी हात पुढे करायची आणि मग विचार करायची. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि राणीचं कुंकू पुसायला हात नेला. तेवढ्यात आतून आत्याचा आवाज आला. मोठा नव्हता.

"मास्तर, नवरा गेला तेव्हा तिचं नाणं बदललं होतं का हो?"

मास्तर म्हणाले, "नाही. चेहरा तोच राहिला. नाणं बदलतं ते राज्य बदललं की. ती गेली, मुलगा आला, तेव्हा बदललं."

"मग झालं तर," आत्या म्हणाली. "राहू द्या तिचं कुंकू."

आईचा हात थांबला. बाबा समईकडे बघत राहिले. मग आई उठली, करंडा घेतला आणि उंबऱ्यापाशी जाऊन उभी राहिली. आत्याने तोंड चुलीकडे फिरवलं. मला दिसली ती तिची पाठ आणि तिचा बांधलेला अंबाडा. आई बराच वेळ तशीच उभी होती. शेवटी करंडा उंबऱ्यावर ठेवून ती परत आली आणि मास्तरांच्या बायकोला लाह्या देत, यंदा बत्तासे मऊ पडलेत असं काहीतरी बोलली.

दुसऱ्या दिवशी पाडवा. सकाळी आत्याने नेहमीसारखा चहा आणून बाबांपुढे ठेवला. तिच्या दोन भुवयांच्या मधे पिवळट डाग होता. कुंकू नव्हतं, नुसता हळदीचा राहिलेला रंग. हळद धुतली तरी लगेच जात नाही. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, बशीत चहा ओतला, एक घोट घेतला आणि म्हणाले, "आज चहा छान झालाय, ताई." एवढंच. आईने लावली, की आत्याने रात्री स्वतःच लावून घेतली आणि मग धुतली, हे मी कधी विचारलं नाही. त्यानंतर दरवर्षी लक्ष्मीपूजनाला आई करंडा उंबऱ्यावर विसरायची आणि पाडव्याला आत्याच्या कपाळावर तो पिवळा डाग असायचा. दिवाळी म्हणजे मला अजून तो रंग आठवतो. फटाके नाही आठवत.

आत्या गेली तेव्हा मी इथे होते, रेवा पोटात होती. जाता आलं नाही. पुढे आईने ती पितळी डबी माझ्याकडे पाठवली. राणी तुला द्यायची असं ताईंनी सांगून ठेवलं होतं, आणि एकट्या राणीला कशी पाठवू म्हणून सगळेच पाठवले, असा तिचा निरोप होता. मग ओहायोत आमची दिवाळी सुरू झाली. चिंचेचा गोळा पाकिटातला, राखेऐवजी खाण्याचा सोडा, तांदूळ मात्र तोच. रेवाला लहानपणी या सणाचं नाव सांगता यायचं नाही. ती त्याला कॉइन्स म्हणायची. शाळेत तिने सांगितलं होतं की आमच्याकडे फॉलमध्ये कॉइन्स असतात, आणि तिच्या टीचरने मला फोन करून विचारलं होतं की ते नेमकं काय असतं.

गेल्या दिवाळीला डबी उघडली नाही. वर्षाच्या आत सण करत नाहीत, ते कारण पुरेसं होतं. मला ते कारण फार सोयीचं वाटलं. यंदा ते राहिलं नव्हतं. पण मी थकलेली होते. अनिलचं नाव कशाकशावरून काढायचं आणि फोनवर अनोळखी माणसांना पुन्हा पुन्हा तेच सांगायचं, त्याने थकले. आणि त्याहून जास्त गणपतीत शुभदाकडे जे झालं त्याने.

शुभदा माझी इथली पहिली मैत्रीण. रेवा झाली तेव्हा डिंकाचे लाडू तिने केले होते, आणि अनिल गेला त्या रात्री ती माझ्या सोफ्यावर बसल्या बसल्या झोपली होती. तिच्याकडच्या गणपतीला निघताना सगळ्या जणी दारापाशी उभ्या होत्या आणि ती एकेकीला हळद-कुंकू लावत येत होती. माझ्यापर्यंत आली. करंड्यात बुडवलेलं बोट वर आलं आणि मधेच थांबलं. फार वेळ नाही. मग तिने तो हात तसाच मागे नेला, दुसऱ्या हाताने मोदकांचा डबा उचलला आणि म्हणाली, "घे गं, तुला दोन जास्त घातलेत." तिच्या मनात वाईट काही नव्हतं. लावलं तर मला रडू येईल, की नाही लावलं तर वाईट वाटेल, हे तिला ठरवता आलं नाही. मला ते कळलं, आणि कळलं म्हणूनच जास्त लागलं. मी स्वतः घरी टिकली लावते, रोज लावते. पण आपण आरशासमोर लावणं वेगळं आणि दुसऱ्या कोणाचं बोट आपल्या कपाळापर्यंत येणं वेगळं. ते आता कधी येणार नाही असं मला त्या दारात वाटलं. घरी येऊन मी ठरवलं की यंदा काही करायचं नाही. देवापुढे दिवा लावायचा, बास.

हे सगळं त्या पार्किंगमध्ये बसून मनात आलं. मग सीटखालचं नाणं वाकून काढलं. ते नव्या राजाच्या आईचं होतं, उजवीकडे बघणारं. तिचाही नवरा तिच्या आधी गेला होता. बातम्यांत दाखवलं होतं, चर्चमध्ये एकटीच बसलेली. तेव्हाही तिचं नाणं बदललं नव्हतं. मी दोन्ही क्वार्टर्स पर्समध्ये टाकली आणि भाजी न घेता घरी आले. कार्टसाठी खळग्यात आणखी होती, पण तेव्हा लक्षातच आलं नाही.

संध्याकाळी रेवाचा फोन आला. ती क्लीव्हलंडला असते, फिजिकल थेरपिस्ट आहे. म्हणाली, सुट्टी टाकलीय, ड्राइव्ह करून येते. मग विचारलं, "आई, कॉइन्स करतोय ना आपण या वर्षी?"

मी म्हणणार होते, नको, मला जमणार नाही. तोंडात होतं. म्हणाले, "येताना चिंच घेऊन ये."

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी इथे नेहमीसारखा अंधार लवकर पडला. शेजारच्यांच्या अंगणात हॅलोविनचा सांगाडा आणि आमच्या दारात गराजमधून काढलेला, एका बाजूने चेपलेला आकाशकंदील. रेवाने सिंकपाशी उभं राहून रुपये घासले. कामावरची तिची तीच सवय आहे, एकेक सांधा सोडवावा तसं हळूहळू. ओळ मी लावायला दिली. राणी, मुलगा, नातू, मग सुपारी. सुपारी कशाला, हे तिने लहानपणी खूपदा विचारलेलं, यंदा विचारलं नाही, आपणच ठेवली. मग पणतू. मग मी पर्समधून दोन क्वार्टर्स काढून दिली.

तिने ती हातात घेऊन पाहिली. "हे बाबाचे कार्टवाले?"

"हो. यांना चिंच नको, पाण्यातून काढ."

तिने काढली, पुसली, उजवीकडे बघणारी राणी ठेवली आणि तिच्या शेजारी डावीकडे बघणारा तिचा मुलगा. मग वाटीतून अजून एक सुपारी घेतली, ओळीच्या शेवटी ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. ती सुपारी कोणासाठी ते आम्हाला दोघींना माहीत होतं. मला रडू आलं, ते मी येऊ दिलं.

पूजेला तिला बसवलं. मी शेजारी पाटावर बसून सांगत होते. राजांना गंध. तिने लावलं. राणीला हळद-कुंकू. तिने दोन्ही राण्यांना लावलं. धाकटीचं नाक शाबूत होतं, कुंकू नीट कपाळावर बसलं. नव्या राजाला गंध लावताना ती हसली, बाबा असता तर त्याने याच्यासोबत सेल्फी काढला असता, म्हणाली. मग तिने तो करंडा उचलला, गुडघ्यांवरच माझ्याकडे वळली आणि बोट पुढे आणलं.

बोट माझ्या कपाळाजवळ आलं आणि थांबलं.

मी ते बोट ओळखत होते. शुभदाच्या दारात ते असंच थांबलं होतं. उंबऱ्यापाशी करंडा घेऊन थांबलेली आई मला दिसली, आणि चुलीकडे फिरवलेलं तोंड. मीही मान थोडी फिरवली, समईच्या बाजूला. तिला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून म्हणणार होते की राहू दे गं.

"आई, हलू नको ना," रेवा म्हणाली. ती करंड्याच्या दोन वाट्यांकडे बघत होती, एकदा पिवळी, एकदा लाल. "मी नेहमी विसरते. हळद फर्स्ट, राइट?"

मी मान सरळ केली.

"हो," म्हणाले. "आधी हळद."